बारा फुटांपुरता उजेड

तो कॅमेऱ्यांच्या दुकानात पहिल्यांदा आला तो चुकून. जायचं होतं शेजारी, चष्मेवाल्याकडे. पण काउंटरमागची ती मान वर करून "बोला" म्हणाली, आणि तो गडबडून म्हणाला, "फ्लॅश... छोटासा. वडिलांचा जुना रेंजफाइंडर कॅमेरा आहे. बहिणीचं लग्न आहे."

त्याला तीन आठवडे झाले. लग्न उद्यावर आलं, तरी फ्लॅश ठरेना. तो छापखान्यात प्रुफं तपासायचा. चुका काढणं अंगातच मुरलेलं.

"हा मोठा वाटतो. कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवलाय की फ्लॅशखाली कॅमेरा, तेच कळत नाही."

"मग हा घ्या. काडेपेटीएवढा आहे."

"पण याचा उजेड बाराच फूट जातो..."

"नवरानवरी काय रस्त्यापलीकडे उभे राहणार आहेत?"

आतून तिचा मामा म्हणाला, "अगं, गिऱ्हाईक आहे ते. जरा गोडीनं."

"गोडी पहिल्याच आठवड्यात संपली, मामा."

तिचा खरा वैताग वेगळाच होता. प्रत्येक फ्लॅश तो तिच्यावर रोखून उडवून बघायचा. "रोल नाहीये आत, नुसती चाचणी," म्हणायचा. पण पुढच्या फोटोसाठी दांडी ओढली की कॅमेऱ्याची डावी चकती हळूच फिरायची, आणि ती फिरते आत रोल असला तरच. हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती केस नीट विंचरून यायला लागली — आणि स्वतःवरच चिडायला लागली. उद्यानंतर हा इथे कशाला फिरकेल?

"द्या तो रोल," ती म्हणाली. "धुऊन बघू कुठला फ्लॅश बरा ते."

"रोल?... कुठला रोल?"

तिने नुसता हात पुढे केला. नापास होणाऱ्या पोरासारखा चेहरा करून त्याने रोल काढून दिला.

अर्ध्या तासाने ती अंधाऱ्या खोलीतून ओली पट्टी घेऊन आली. दिव्यासमोर धरली. छत्तीस फ्रेमा, छत्तीसही कोऱ्या. तिने काउंटरवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. भिंगावर काळं टोपण; फ्लॅशच्या झगमगाटात आणि चकतीवर डोळा ठेवण्याच्या नादात तिला ते कधी दिसलंच नव्हतं. या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची बघायची खिडकी भिंगापासून वेगळी असते. टोपण असलं तरी सगळं छान दिसतं. नवशिके हमखास फसतात.

"अहो, तीन आठवडे टोपण लावून फोटो काढताय तुम्ही."

"हो."

"हो काय?"

"मुद्दाम." तो काउंटरच्या काचेकडे बघत होता. "न विचारता कुणाचा फोटो कसा काढायचा?"

"मग रोल कशाला वाया घालवलात?"

"रोज वाटायचं — आज विचारू. म्हणून रोल घालून तयारीत यायचो. मग बटण दाबायची वेळ यायची, आणि..."

"छत्तीस वेळा," ती म्हणाली. कपाळाला हात लावावा की काय करावं, तिला सुचेना. "आणि मी इथे रोज केस विंचरतेय."

आत मामाने रेडिओ बारीक केला.

तिने नवा रोल स्वतःच घातला. काडेपेटीएवढा फ्लॅश बसवला. टोपण मात्र तसंच ठेवलं, आणि कॅमेरा त्याच्यापुढे सरकवून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"विचारा."

"तुमचा एक फोटो..." त्याने कॅमेरा उचलून घेतला. "एकच नाही. उद्या लग्नाला याल? आणि नंतरही मी... म्हणजे फ्लॅश घेऊन झाल्यावरही, इथे..."

"आधी टोपण काढा."

त्याने काढलं. फ्लॅश तयार असल्याचा बारीक लाल दिवा लागला.

"जरा हसता का?"

"नाही. चिडलेय मी. आहे तशी येऊ दे."

"बरं... बारा फूट पुरतील ना?"

दोघांच्या मध्ये काउंटर होतं, जेमतेम दोन हातांचं.

"तुम्ही मागे सरकला नाहीत, तर पुरतील."