आकाशपाळण्याचं लाल कुलूप

ताईने निळा ग्लास ओठाला लावला आणि फोन वाजला.

ग्लासात दारू होती, बर्फ होता, वर कागदाची छत्री होती. सव्वीस वर्षं लिफ्ट आणि पाळणे तपासणाऱ्या सरकारी बाईने आयुष्यात दुसऱ्यांदा कॉकटेल मागवलं होतं. पहिल्या वेळी वेटरनेच ते सांडलं होतं.

फोन प्रोफेसरचा होता.

"ताई, पाळणा थांबलाय."

"मग उतर."

"उतर काय? मी अगदी वर आहे गं! पंधरा मिनिटं झाली. खाली नुसता आरडाओरडा चाललाय."

ताईने डोळे मिटले. अख्ख्या वर्षात तिने एक दिवस मागितला होता. एक दिवस पाळण्यात बसायचं, पाळण्याखाली वाकून बघायचं नाही. पण नशीबच दळभद्री! तिने ग्लास तसाच ठेवला, पर्स उचलली आणि बारमधून तरातरा निघाली.

तीन दिवस या रिसॉर्टवर सुरक्षा परिषद झाली होती. तीन दिवस खुर्चीत बसून बसून पाठीचा खुंटा झाला होता. शेवटी प्रत्येकाला एक पिशवी मिळाली, आणि पिशवीत एक लाल कुलूप. ते या धंद्यातलं ओळखीचं कुलूप. मशीनला हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप ठोकायचं, चावी आपल्या खिशात. काम संपल्यावर ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. नाहीतर आत हात असताना कुणीतरी दीडशहाणा बटण दाबतो आणि हात जातो.

बाकीची मंडळी एकच्या बसने गेली. मागे राहिले चौघं जुने सोबती, नोकरीच्या पहिल्या प्रशिक्षणापासूनचे. ताई. कॉलेजात शिकवायला गेलेला प्रोफेसर. लिफ्टचे सुटे भाग विकणारा सेल्स. आणि दादा, सगळ्यांत मोठा, ताईसारखाच सरकारी इन्स्पेक्टर, तीन महिन्यांनी निवृत्त होणारा. हा दादाचाच इलाखा, त्यामुळे यजमानपण आपोआप त्याच्याकडे आलं होतं.

जेवताना प्रोफेसरने मुलीच्या लग्नाचे फोटो चौथ्यांदा दाखवले. लग्न गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी झालं होतं, आणि मुलीला सख्खा काका नव्हता म्हणून दादा सकाळपासून रात्रीपर्यंत दारात उभा होता. प्रत्येक फोटोत त्याचा तोच कोट आणि तेच चकाकणारं टक्कल.

मग पार्क. वळणावळणाच्या उंच रेल्वेत दादा दोनदा बसला आणि दोन्ही वेळा पोरासारखा ओरडला. पण आकाशपाळण्यापाशी आल्यावर म्हणाला, "मला नको. चक्कर येते." सेल्स खो खो हसला. प्रोफेसर एकटाच चढला. "डोकं भाजतंय, टोपी घेऊन येतो," म्हणत दादा निघून गेला. सेल्सला बायकोचा फोन आला. ताई गेली बारमध्ये. एवढंच सुख तिच्या वाट्याला आलं होतं.

पाळण्याखाली गर्दी होती. पाळण्याच्या मागे पत्र्याची एक खोली, दाराला नुसती कडी. आत मेन स्विच पडलेला, आणि त्याच्या दांड्यात लाल कुलूप. मेकॅनिक कटरने ते तोडत होता.

"तुटलं! चला, मोटर लावा!" मॅनेजर ओरडला. अंगात कोट, गळ्यात टाय आणि तोंडात घाई.

"मोटर नको!" गर्दीतून आवाज आला. दादा पुढे झाला, उघडं टक्कल उन्हाने लाल झालेलं. "हाताने फिरवा. हँडल लावा आणि हळूहळू एकेक डबा खाली घ्या."

"हाताने? तासभर लागेल!"

"लागू दे!"

दादा कधी कुणावर ओरडत नसे. मॅनेजर बाजूला सरला. मेकॅनिकने हँडल लावलं.

एकेक डबा खाली येऊ लागला. ताई सवयीने कान देऊन उभी होती. चाक एका ठरावीक जागी आलं की वर आसापाशी, चाकाच्या मधोमध, 'कट्' असा आवाज येई. मोटरच्या घरघरीत तो सरावलेल्या कानाशिवाय कुणाला ऐकू आला नसता.

"हाच तो, मॅडम," शेजारी कुणीतरी म्हणालं. निळ्या गणवेशातली बाई होती, चाळिशीची, डोळे रडून सुजलेले. तीच पाळणेवाली. "आठ दिवस झाले सांगतेय. पालथ्या घड्यावर पाणी."

मॅनेजर तिच्यावर धावूनच आला. "हिनेच केलंय हे! आवाज आवाज करून डोकं खाल्लं माझं. ऐकलं नाही म्हणून स्विच पाडला आणि कुलूप ठोकलं. संध्याकाळपर्यंत हिचा राजीनामा घेतो, नाहीतर पोलिसात देतो. कुठल्या पार्कात हिला मशीनवर उभी करतात तेच बघतो!"

"मी केबिनमध्ये होते, साहेब."

"पाहिलं कुणी?"

कुणीच पाहिलं नव्हतं. इतक्यात प्रोफेसरचा डबा खाली आला. चेहरा पांढराफटक.

"तू वरून काय पाहिलंस?" ताईने विचारलं. "खोलीकडे कोण गेलं?"

"मी डोळे मिटून बसलो होतो."

"पाळण्यात बसायचं आणि डोळे मिटायचे? मग चढलास कशाला, मेल्या?"

ताईचं डोकं तडकलं होतं. हा दिवस तर गेलाच. पण चोर सोडून संन्याशाला फाशी देणं तिच्याने बघवत नव्हतं. ती पाळणेवालीला घेऊन केबिनमध्ये शिरली.

"हे लाल कुलूप तुझ्याकडे कुठून येणार?"

"मॅडम, मी आज पहिल्यांदाच बघितलं असलं कुलूप."

"पाळणा थांबला तेव्हा तू काय केलंस?"

"आधी बटणं बघितली. मग बाहेर पळाले. वरची लेकरं रडत होती, त्यांना हाका मारत होते."

"तेव्हा केबिन उघडी?"

"सताड."

भिंतीवर एक चौकट होती. काच होती, आत काहीच नव्हतं. खिळ्याभोवती धूळ पुसलेली.

"इथे काय होतं?"

पाळणेवाली वळली. "अगंबाई! तपासणीचा दाखला होता, मॅडम. सकाळी मी स्वतः काच पुसली."

"सही कुणाची होती?"

"वाचता येत नव्हती, नुसती वेलांटी. पण तारीख माझ्या लक्षात आहे. गेल्या महिन्यातला दुसरा शनिवार. त्या दिवशी मीच ड्यूटीवर होते, मॅडम. सकाळपासून बंद होईपर्यंत. तपासायला कुणीही आलं नव्हतं."

ताई खुर्चीत बसली. पाळणेवालीला वाटलं, बाईला ऊन लागलं. तिने पाणी पुढे केलं. ताईने ते एका घोटात संपवलं.

मग ती मॅनेजरकडे गेली.

"दाखला कोण घेऊन आलं होतं?"

"पाकिटातून आला. मोठ्या ऑफिसातून. मला काय ठाऊक?"

"तपासणी झाली होती?"

"दाखला आला म्हणजे झालीच असेल ना!"

त्याच्या कपाळावर घाम होता. ताई म्हणाली, "तासाभराने बारमध्ये या. हिलाही आणा. तोपर्यंत राजीनाम्याचं नाव काढलंत तर तुमची सगळी मशीनं मी आजच्या आज बंद करेन. धोका दिसला तर तो अधिकार मला कुठेही आहे."

बारच्या कोपऱ्यातल्या टेबलावर निळा ग्लास अजून तसाच होता. बर्फ वितळला होता, छत्री कलंडली होती. भोवती सेल्स, प्रोफेसर, दादा, मॅनेजर. पाळणेवाली बसायला तयार नव्हती. ताईने तिला हाताला धरून बसवलं.

"स्विच पाडणारा माणूस आमच्या धंद्यातला," ताईने सुरुवात केली. "खोडसाळ माणूस स्विच पाडतो आणि पळतो. कुलूप लावत बसत नाही. पाळणा पुन्हा चालू होऊ नये, याची ज्याला काळजी होती त्यानेच ते लावलं. असली कुलुपं परिषदेत वाटली आणि बाकीचे एकला गेले. उरलो आपण चौघं. माझं कुलूप हे बघा, पर्समध्ये."

"माझं बॅगेत, आणि बॅग माझ्यासोबत वर," प्रोफेसर म्हणाला.

"माझं सूटकेसला लावलंय, आत्ता जाऊन बघ," सेल्स उसळला. "आणि मी इथेच दारात बायकोशी पाऊण तास बोलत होतो, तुलाही ऐकू आलं असेल. या वेटरला विचार, दोनदा मला हळू बोला म्हणाला."

वेटरने मान हलवली. "पूर्ण बारने ऐकलं, साहेब."

"माझं खोलीत राहिलं," दादा म्हणाला.

"असेल," ताई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "पण दादा, तू टोपी आणायला गेला होतास. टोप्यांचं दुकान त्या खोलीपासून दहा पावलांवर आहे. तू परत आलास तेव्हा टोपी कुठे होती?"

दादाचा हात टकलाकडे गेला.

"उंच रेल्वेत दोनदा बसलास तेव्हा चक्कर आली नाही. या संथ पाळण्यालाच कशी आली? आणि कुलूप तुटल्यावर मोटर लावायला कुणाचीच हरकत नव्हती. स्विच पडलाय एवढंच सगळ्यांना दिसत होतं. आसाचा आवाज तर आम्हाला हँडल लावल्यावर ऐकू आला. तू त्याच्याआधीच ओरडलास, हाताने फिरवा. तुला कसं कळलं रे?"

प्रोफेसर दादाकडे बघत राहिला.

"केबिनमधून दाखला गेलाय. दाखल्याची भीती कुणाला? ज्याने सही केली त्याला. इलाखा तुझा. तारीख दुसऱ्या शनिवारची. आणि त्या दिवशी तू कुठे होतास, याचे फोटो मी चार वेळा बघितलेत."

"माझ्या मुलीच्या लग्नात," प्रोफेसर पुटपुटला.

"ताई, हा नुसता अंदाज आहे तुझा," दादा म्हणाला.

"हो. म्हणून एकच मागते. खिसे रिकामे कर." तिने हात पुढे केला. "दाखला फाडला असशील. पण चावी टाकली नसशील. काम संपेपर्यंत चावी अंगावर ठेवायची, हे मला तूच शिकवलंस. आणि तुझं काम कुठे संपलंय? तो पाळणा अजून मोडकाच आहे."

दादाने खिशात हात घातला. छोटीशी चपटी चावी, तिला परिषदेची लाल फीत. जित्याची खोड. त्याने ती ग्लासाशेजारी ठेवली.

"याला वर चढलेला बघितलं," तो प्रोफेसरकडे न बघता म्हणाला, "आणि राहवेना. माघारी येऊन खाली कान दिला. आवाज ऐकला आणि कळलं, आस गेलाय. कुणाला सांगावं तर पहिला प्रश्न, दाखला कुणी दिला? सोमवारी येऊन गुपचूप बंद करणार होतो. पण तो वर होता, ताई. पोरंबाळं होती वर."

"म्हणून स्विच पाडलास. चांगलं केलंस, जीव वाचवलेस. आणि मग?" ताईचा आवाज चढला. "मग ही बाई तुझ्यासमोर रडत होती! जे काम तू करायचं ते हिने आठ दिवस केलं, आवाज ऐकला, ओरडून सांगितलं. आणि तिची भाकरी जाताना तू गप्प उभा राहिलास! खोटी सही केलीस त्याचा राग आहेच रे. पण याची मला लाज वाटते. सव्वीस वर्षं तुला दादा म्हणत आले मी!"

ती रडत होती. तिला स्वतःचाच राग आला. तिने ग्लासाखालच्या कागदाने नाक पुसलं.

मॅनेजर उठू लागला. "बसा," ताई म्हणाली. "तुमचं पाकीटही मी विसरलेले नाही. आधी हिची माफी मागा. मोठ्याने."

त्याने मागितली. पाळणेवालीने ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "साहेब, आधी आवाजाचं बघा."

उन्हं कलायच्या आत मेकॅनिकने आसाचं झाकण उघडलं. बेअरिंगच्या गोळ्यांचा भुगा झाला होता. ताईने स्विचला स्वतःचं लाल कुलूप लावलं, चावी पर्समध्ये टाकली आणि खालीच, केबिनच्या फळीवर अहवाल लिहायला घेतला. पाळणेवालीची तक्रार कोणत्या दिवशी आली, ते सगळ्यात वर. खोटा दाखला, तारीख, नाव. काहीही सोडलं नाही.

लिहून झाल्यावर तिने कागद दादापुढे सरकवला. त्याने मुकाट्याने खिशातलं पेन काढलं आणि टोक कागदाला लावलं.

ताईने कागदावर हात ठेवला.

"आधी वर चढून बघ. मग सही कर."

दादा शिडीपाशी गेला. पाळणेवाली पुढे झाली आणि तिने दोन्ही हातांनी शिडी धरली.

तो वर बराच वेळ होता. खाली आला तेव्हा बोटांना काळी पूड लागली होती. त्याने सही केली आणि पूड कागदावर उमटली. ताईने कागद तसाच घडी घालून पर्समध्ये ठेवला.