सतरा नंबरच्या तंबूला आमंत्रण

संयोगिता कॅम्पवरून घरी परतलीच नाही.

घरचे म्हणतात, तसं काही झालेलं नाही. ती बसवनगुडीच्या घरी आहे, रोज ऑफिसला जाते, वेळेवर जेवते. तिच्या आईला विचारा.

पण ही घटना शंभर टक्के खरी आहे. गेल्या दसऱ्याची सुट्टी. हेब्बाळच्या पुढे, तळ्याकाठी, आठवडाभराचा मुक्काम. चाळीस तंबू, चार न्हाणीघरं. एकाचा दोर दुसऱ्याच्या खुंटीला. रात्री स्पीकर एवढा मोठा की भूतसुद्धा वैतागलं असतं. म्हणूनच बहुधा सगळं भर दुपारी घडलं.

वडील जयसिंगराव, आई रत्नाबाई, धाकटा विराट आणि संयोगिता. तंबू सोळा नंबरचा. कॅम्प खच्चून भरलेला.

फक्त शेजारचा सतरा नंबर रिकामा...

पहिल्या दुपारी जयसिंगरावांनी घास उचलला आणि सवयीनं सतराकडे मान वळवून म्हणाले, "या जेवायला!"

"अप्पा, तिथे कुणी नाही," विराट म्हणाला.

"नसू दे. शेजाऱ्याला म्हणायचं असतं."

संयोगिताला चेव आला. "या, या! इथे जागा नाही, माझ्या जागेवर बसा!" असं ओरडून ती हात धुवायला गेली.

मागे सतराच्या तंबूची चेन उघडली...

सर्रर्र.

परत आली तर तिचं ताट रिकामं.

"माझं चित्रान्न कुणी खाल्लं?"

"तूच की गं," रत्नाबाई म्हणाल्या. "दोनदा घेतलंस. वर लोणचं मागितलंस."

"आई, मी नळावर होते!"

"मग आत्ता ढेकर कुणी दिला?"

रोज तेच. न्हाणीघराच्या रांगेतून यावं, तर तिचं जेवण झालेलं. आडवं व्हावं, तर अंथरूण आधीच गरम...

चौथ्या दिवशी विराटनं मोबाइलवर फोटो दाखवला. चौघं हसतायत. फोटो काढला तेव्हा ती रांगेत होती, पुढे अकरा माणसं.

फोटोतलीच्या अंगात निळा कुर्ता होता.

तोच कुर्ता या क्षणी हिच्या अंगात होता...

संयोगिता तरातरा सतरासमोर गेली. "बाहेर ये, निर्लज्जे! माझी आई आहे ती! मी गंमत केली होती!"

तिनं चेन ओढली.

आत कुणी नव्हतं. फक्त एक अंथरूण घातलेलं... तिच्या मापाचं.

सातव्या दुपारी ती रांगेतून आली, तर सोळा नंबर उतरवलेला. गाडी फाटकाबाहेर पडत होती. अप्पा, आई, विराट...

आणि मागच्या खिडकीत चौथी.

ती धावली. किंचाळली. चप्पल फेकून मारली.

रत्नाबाईंनी वळून पाहिलं... आणि काच वर केली.

कॅम्पचा मॅनेजर उपेंद्र रजिस्टर बघत म्हणाला, "चार आले, चार गेले. सरी, हिशेब बरोबर आहे. तुम्ही सतरावाल्या ना, अक्का?"

"मी सोळावाली! संयोगिता!"

"संयोगिता सही करून गेल्या. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा. तक्रार असेल तर लेखी द्या."

तिनं लेखी दिली. तो कागद अजून तिथल्या फळ्यावर टाचलेला आहे. अक्षर तिचंच...

"मा. व्यवस्थापक यांस,
विषय : मुलगी बदलून मिळणेबाबत.
महोदय, माझे आईवडील नजरचुकीने दुसरीच मुलगी घरी घेऊन गेले आहेत. तरी सदर मुलगी त्वरित परत मागवून तिच्या जागी अर्जदारास घरपोच करावे, ही नम्र विनंती."