कोसमटोल्याचा मुका भोंगा

मुखरू शेंडे रिना खोब्रागडेच्या चंद्रपुरातल्या ऑफिसात आला, पण खुर्चीवर बसला नाही. दाराजवळच उभा राहिला. आपली बायको वाघाने नेली, एवढंच म्हणाला.

रिना पूर्वी विम्याचे दावे तपासायची, आता खासगी तपासाची कामं घेत होती. तिच्यासोबत असायचे देवाजी गुरनुले, निवृत्त मास्तर. माणसांच्या बोलण्यापेक्षा छापलेल्या शब्दावर त्यांचा विश्वास जास्त. वाघाचा तपास आपण काय करणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मुखरूने हळूहळू सांगितलं. त्याचं कोसमटोला गाव जंगलाला लागून. गावाच्या कडेला एका कंपनीने खांब रोवून कॅमेरा बसवला होता. वाघ दिसला की कॅमेऱ्याला जोडलेला कंप्युटर तो ओळखायचा आणि गावात भोंगा वाजायचा. चंदा, त्याची बायको, सकाळी मोहफुलं वेचायला गेली त्या दिवशी भोंगा वाजला नाही. कंपनी म्हणत होती, संघप्रिया दुर्गे नावाच्या इंजिनिअर मुलीने आदल्या दुपारी दुरुस्तीसाठी तो बंद केला आणि सुरू करायला विसरली.

तेव्हापासून मुखरू रोज त्या मुलीच्या दारात जाऊन बसत होता. शिवी नाही, आरडाओरडा नाही.

"मी तिले एकच इचारतो, बाई, भोंगा काऊन बंद केला? ती नुसती पाह्यते माह्याकडं. तिनं केलं असंन तं मले तिच्या तोंडून आयकाचं हाय. अन् तिनं नसंन केलं, तं कोनं केलं?"

याआधी वाघ गावाकडे आला होता का, असं रिनाने विचारलं. आला होता, मुखरू म्हणाला. चंदा गेली त्याच्या आठवडाभर आधी खांबाखालच्या ओल्या रेतीत पंजे उमटलेले त्याने स्वतः पाहिले होते. गाव मात्र गाढ झोपलेलं राहिलं, सकाळी पंजे पाहूनच सगळ्यांना कळलं.

त्याच दिवशी रिना आणि देवाजी संघप्रियाच्या घरी गेले. तिच्या आईने आधी त्यांना बाजूला घेतलं. पोरगी जेवत नाही, बोलत नाही. उंदराचं औषध आणि गोळ्यांचा डबा आपण शेजारणीकडे नेऊन ठेवलाय, असं ती कुजबुजली.

संघप्रिया भिंतीला टेकून बसली होती. चूक माझी, असं कबूल करणारा कागद कंपनीच्या वकिलाने आणून दिला होता. सोमवारी सही केली तर कंपनी तिची बाजू सांभाळून घेईल, नाही तर पोलिसांत तक्रार जाईल. भोंगा बंद केला म्हणतात त्या दुपारी ती अहेरीला मावशीकडे होती. पण फोन जवळ होता आणि फोनवरूनही भोंगा बंद करता येत असे.

"पहिले वाटे, मी नाई केलं," ती म्हणाली. "पण ते भाऊ रोज दारात येऊन बसतात. मी आठवून आठवून थकली. आता वाटते, केलंच असंन मी."

सही करून मोकळी हो, असं तिची ऑफिसातली मैत्रीण पुनमही सांगत होती. पुनम रोज डबा घेऊन यायची. तो तसाच परत जायचा.

बाहेर पडल्यावर देवाजी म्हणाले, "तिलाच खात्री नाही, तिथं आपण काय करणार?"

रिनाने कंपनीच्या ऑफिसचा रस्ता धरला.

कंपनीचा मालक अजय चिंचोलकर मोकळेपणाने बोलला. पूर्वी भोंगा गाईवासरांनाही वाघ समजायचा. सरकारी साहेब पाहणीला येणार म्हणून सिस्टीम सुधारली आणि खोटे इशारे पूर्ण थांबले. साहेब खूश झाले. वरोऱ्यापासून अहेरीपर्यंतच्या गावांचं काम कंपनीला मिळालं. एका मुलीच्या निष्काळजीपणाने सगळ्यावर पाणी पडायची वेळ आली, असं म्हणून त्याने संगणकावरची नोंद दाखवली. देवाजींनी सवयीने ती मोठ्याने वाचली.

"कोसमटोला, शाळा कॅमेरा. भोंगा बंद. संघप्रिया दुर्गे." तारीख चंदा गेली त्याच्या आदल्या दिवसाची होती.

"स्वच्छ लिहिलंय," देवाजी म्हणाले.

खांब उभारणं आणि दुरुस्ती अश्विनकडे होती. हा उंच, अबोल तरुण नजर चुकवत होता. चंदा गेल्याची बातमी आली त्याच सकाळी मालकांच्या सांगण्यावरून संघप्रियाचं लॉगिन आपण बंद केलं, असं त्याने सांगितलं. त्यानंतर तिला सिस्टीममध्ये शिरताच येणार नव्हतं.

पुनम रडून सुजलेल्या डोळ्यांनी समोर बसली. सिस्टीममध्ये नोंद कोण टाकू शकतं, असं रिनाने विचारलं. दुसऱ्याच्या नावाने नोंद टाकण्याइतका अधिकार आता फक्त तिच्याकडे आणि अश्विनकडे होता. मालकांना तर स्वतःचा पासवर्डसुद्धा बदलता येत नव्हता. कोसमटोल्याला कधी गेली होतीस का, असं विचारल्यावर तिने नकारार्थी मान हलवली. तिचं सगळं काम खुर्चीत बसून. एकही गाव तिने पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोसमटोल्याला गेले. खांब शाळेच्या कुंपणाला लागून उभा होता. बुडाचं सिमेंट अजून कोरं दिसत होतं आणि आजूबाजूला कडक मुरूम. देवाजींनी तिथे पाय आपटून पाहिला आणि अशा जमिनीत पंजे कसे उमटले, असं नवल केलं.

मुखरूच्या शेजारची सोमारी मोहफुलं वाळत घालत होती. खांब आधी नाल्यावर होता, ती म्हणाली. चंदा गेल्यावर लोकांनी तो रागाने उपटून फेकला. मग अश्विन नावाचा लंबा पोट्टा पोलिसांना घेऊन आला आणि त्याने तो शाळेजवळ गाडला.

भोंगा आधी कसा वाजायचा, असं रिनाने विचारलं.

"वासरू गेलं तरी बोंबले. कान किटले होते. मंग ते साहेब लोक येऊन गेले, तवापासून एकडाव बी नाई वाजला. आमाले वाटलं, शहाना झाला."

रिनाने तिथूनच अश्विनला फोन लावला. खांबाची जागा बदलली की कॅमेऱ्याचं नाव बदलतं का? बदलतं, तो म्हणाला. नाल्याचा खांब शाळेजवळ गेला त्या दिवशी त्याने स्वतःच नवं नाव घातलं होतं. जुन्या नोंदी मात्र जुन्याच नावाने राहतात.

सोमवारी दुपारी कंपनीच्या मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले. संघप्रियाला तिची आई हाताला धरून घेऊन आली होती. मुखरू भिंतीपाशी उभा होता. वकिलाचा कागद टेबलावर होता, त्यावर पेन.

"सही थांबवा," रिना म्हणाली. "भोंगा आदल्या दुपारी बंद पडलाच नव्हता. तो त्याच्या कितीतरी आधी मुका झाला होता. चंदाबाई गेल्या त्याच्या आठवडाभर आधी वाघ खांबाखालून गेला, रेतीत पंजे उमटले, पण भोंगा वाजला नाही. पाहणी झाल्यापासून तो एकदाही वाजला नाही, असं सोमारीबाई सांगतात. गाईला ओरडत नव्हता, वाघालाही ओरडत नव्हता. यालाच तुम्ही सुधारणा म्हणालात, चिंचोलकर."

अजयने नोंदीकडे बोट दाखवलं.

"नोंदीत शाळा कॅमेरा लिहिलंय. त्या तारखेला खांब नाल्यावर होता. शाळा हे नाव तोवर जन्मलंच नव्हतं. म्हणजे नोंद नंतर लिहिली आणि तिला मागची तारीख दिली. तेव्हा संघप्रियाचं लॉगिन बंद होतं. ती लिहूच शकत नव्हती."

देवाजींनी कपाळाला हात लावला. ती ओळ त्यांनीच वाचली होती.

"लिहू शकणारे दोघं. अश्विनने खांब स्वतःच्या हाताने नाल्यावरून शाळेजवळ नेला आणि नावही त्यानेच बदललं. त्याने खोटी नोंद केली असती तर नालाच लिहिलं असतं. ही चूक ज्याने ते गाव कधी पाहिलंच नाही, समोरच्या यादीत दिसलं ते नाव उचललं, त्याच माणसाची असू शकते."

कोणी पुनमकडे पाहिलं नाही. ती आपणहून बोलू लागली. पाहणीच्या आधी एकही खोटा इशारा नको, असं मालकांनी बजावलं होतं. तिने ओळखायची अट इतकी कडक केली की कॅमेऱ्याला काहीच ओळखू येईना. पाहणी झाली की पूर्ववत करा, असं संघप्रियाने दोनदा सांगितलं. पण कामं मिळत होती, मालकांनी हात लावू दिला नाही आणि संघप्रियाला मात्र पूर्ववत केलंय असं सांगितलं. मग चंदा गेली.

"सर म्हणाले, एक नाव द्यावंच लागेल," पुनम म्हणाली. "माझ्यापुढं दोनच नावं होती. माझं आणि तिचं."

संघप्रिया तिच्याकडे बघत राहिली. रोज आलेला डबा तिला आठवला असावा.

अजय वकिलाला फोन लावायला उठला. रिनाने त्याला सांगितलं, की आपण इथून सरळ पोलिसांकडे जाणार आहोत आणि अश्विनने मूळ नोंदी जपून ठेवायचं कबूल केलंय. अश्विनने मान खाली घातली. भोंगा मुका आहे हे त्यालाही माहीत होतं, तोही गप्प बसला होता.

तेव्हा मुखरू भिंतीपासून पुढे आला.

"बाकीच्या गावात आता भोंगा वाजते का?"

पुनमने मानेनेच नाही म्हटलं. तिथेही तीच कडक अट लावलेली होती. वरोऱ्यापासून अहेरीपर्यंत रोज सकाळी मोहाखाली बाया वाकत होत्या आणि सगळे खांब मुके होते.

संघप्रिया उठली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा आधाराशिवाय उभी राहिली होती. पुनमने काही न बोलता स्वतःचा संगणक उघडून दिला आणि बाजूला झाली. संघप्रिया खुर्चीत बसली. एकेका गावाचं नाव घेत, ओळखायची अट सैल करत ती पुढे सरकू लागली. मुखरू तिच्यामागे उभा राहून प्रत्येक गाव झाल्याची खात्री करून घेत होता. देवाजींनी त्याच्यासाठी खुर्ची आणली, पण तो बसला नाही.

शेवटचं गाव झालं. बाहेर ऊन उतरलं होतं. संघप्रियाने हात मांडीवर ठेवले आणि खुर्ची वळवली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमी रोज मले इचारत होते. मी तुमाले काईच इचारलं नाई. चंदाबाई कशा होत्या?"

मुखरूने संगणकावरची नजर तिच्याकडे वळवली.

"भेकड होती," तो म्हणाला. "नाल्यावर एकटी कधीच जात नोव्हती. मले उठवे, संग चाला म्हने. भोंगा लागला तवापासून म्हनाची, तुमी निजा आता, मले काई भेव नाई."