मागच्या मोकळ्या जागेतली खोली

ही थाप नाही. माझ्या थोरल्या सुनेसोबत भर दुपारी घडलंय, आणि ती खोटं बोलायला लागली की तिच्याआधी मला कळतं.

सून शाळेत मुख्याध्यापिका. पहिलीच्या पोरांना वर्ग नव्हता, जिन्याखाली बसायची. सुट्टी संपायच्या आत खोली बांधा, नाहीतर पहिली बंद करा, असं वरून बजावलं होतं.

मंजुरीचे रस्ते दोन. नवीन बांधकाम म्हटलं की पूर्ण परवानगी. शेजाऱ्यांच्या हरकती, कचेरीच्या चकरा, वर्ष सहज जातं. जुन्या खोलीची दुरुस्ती म्हटलं की एक साहेब बघून जातो, सही करतो. झालं.

पण जुनी खोली होती कुठे? शाळेमागे नुसतं गवत.

"नकाशात काढू की एक," नकाशेवाला म्हणाला. "साहेब गाडीतून उतरतच नाहीत, मॅडम."

"आणि उतरले तर?"

"म्हणायचं, परवाच पडली."

मी घरी म्हटलं, "अगं, नसलेलं लेकरू पाळण्यात घालू नये."

"आई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

नाही कळत. ती नकाशावर सही करून मोकळी झाली.

साहेब आले... आणि उतरले.

एकटेच मागे गेले. सून पायरीवर उभी, सबब तोंडात तयार.

बराच वेळ गेला. साहेब येईनात.

मग आले, चष्मा पुसत. "खोली वाईट नाही हो. छताला भेग आहे, भिंती धड आहेत. करा दुरुस्ती."

सुनेला वाटलं, नकाशेवाल्याने यांचे हात ओले केलेत. ती गालात हसली.

"फक्त मुलांना आधी दुसरीकडे हलवा," सही करता करता साहेब म्हणाले. "सुट्टीतसुद्धा बसवता होय? पण वळण छान लावलंय. मी दारात गेलो, तर सगळी उठून उभी राहिली. बसा म्हटलं... तर बसेनात. बाईंचंच ऐकतात वाटतं."

गाडी गेली. सून मागे धावली.

गवत. ऊन.

पाखरूही ओरडत नव्हतं...

तिची पाचावर धारण बसली. दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज मागे घेतला. हातापाया पडून पहिलीसाठी वर्षाची मुदत आणली आणि लांबचा रस्ता धरला.

यावेळी पाहणीला दुसऱ्याच बाई आल्या. "मोकळी जागा दाखवा."

सुनेने बोट दाखवलं. बाई बघत राहिल्या... बघतच राहिल्या.

"मोकळी कुठे आहे, मॅडम?"

परवानगी तिथेच अडकली. शाळा उघडली, पहिली पुन्हा जिन्याखाली.

एक दिवस त्यातली एक चिमुरडी सुनेचा पदर ओढून म्हणाली, "बाई, मागची मुलं उभीच आहेत. त्यांना बसा म्हणा ना."

तेव्हापासून शाळा सुटली की सून मागे जाते. मी एकदा सोबत गेले होते, म्हटलं बघू तरी हिचं खूळ.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

सून हळूच म्हणाली, "बसा."

आणि गवत... ओळीने खाली दबलं.

मी परत गेले नाही. सून रोज जाते. सुट्टीतही. म्हणते, "त्यांना उभं कोणी केलं, आई? मीच ना?"