घंटेच्या पोटातलं नाव

आत्याचं लग्न झालं, त्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीतली ही गोष्ट. पाहुणे गेले, पण टोमणे घरातच राहिले. गोदीच्या फाटकाशी पहिल्या ‘झुंजार’ युद्धनौकेच्या खलाशांची नावं दगडावर कोरणार होते आणि त्या नौकेवर खलाशी असलेल्या आजोबांचं नाव यादीत नव्हतं. आत्याचे सासरे चारचौघांत म्हणाले, “व्याही, जन्मभर फुकटच मिशांना पीळ दिलात की!” तेव्हापासून आजोबा भिंतीकडे तोंड करून बसत.

बुटकी आणि तिचा चुलतभाऊ ढब्बू, जिथून ती यादी आली होती, त्या नौदलाच्या संग्रहालयात तडक गेली. ‘झुंजार’ची यादी दोनदा चाळली आहे, असं कारकुनाने मान वर न करताच सांगितलं.

“कुठल्या ‘झुंजार’ची?” बुटकीने विचारलं.

“‘झुंजार’ म्हणजे ‘झुंजार’. चला, निघा. थापांचं बाळकडू घरातूनच मिळालेलं दिसतंय.”

बुटकीच्या अंगाचा तिळपापड झाला. दालनात पितळी घंटा टांगलेली होती. पहिली ‘झुंजार’ मोडीत निघाल्यावर ती घंटा त्याच नावाच्या दुसरीवर गेली, दुसरी मोडीत निघाल्यावर इथे आली आणि सोमवारी तिसरीवर चढणार होती. खलाशाला मूल झालं की मुलाचं नाव, पुढे बापाचं आणि साल घंटेच्या आत कोरायची रीत होती, हे आजोबांनी शंभरदा सांगितलं होतं.

तोफांना गंज का चढत नाही, हे विचारून ढब्बूने कारकुनाचं डोकं खाल्लं. तेवढ्यात बुटकी टॉर्च घेऊन घंटेखाली उताणी सरकली. कारकुनाने धावत येऊन तिचं बखोट धरलं.

“सोडा तिला,” दारातून आवाज आला. नव्या ‘झुंजार’चे कप्तान घंटा पाहायला आले होते. “काय दिसलं गं?”

“माझ्या बाबांचं नाव. पुढे आजोबांचं. आणि साल.”

कप्तानांनी गुडघे टेकून स्वतः पाहिलं. त्या साली दुसरी ‘झुंजार’ बांधायलाही घेतली नव्हती! त्यांनी यादी मागवली. ती दुसरीची होती. वरची तारीख कारकुनाने वाचलीच नव्हती.

“तुम्ही चाळलंत,” कप्तान त्याला म्हणाले, “वाचलं ते या पोरीने.”

कारकून माफी मागायला घरी आला. आजोबांनी त्याला उंबऱ्याबाहेरच उभं ठेवलं. सोमवारी त्यांनी व्याह्यांना पहिलीच्या खऱ्या यादीवरून कोरलेल्या दगडापुढे नेलं.

“मोठ्याने वाचा, व्याही.”

व्याह्यांनी आजोबांचं नाव वाचलं. आजोबांनी दोन्ही पोरांच्या पाठीवर थाप मारली आणि मिशांना पीळ दिला.

त्यानंतर तेविसाव्या दिवशी, शाळा उघडायच्या आदल्या सकाळी, आजोबा वारले.