दादाचा ब्रश

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर. पण हे माझ्या वहिनीसमोर घडलंय. तिला आजही विचारता येईल.

रविवार होता. दुपारचे तीन. दादाच्या घरातली मागची छोटी खोली. लख्ख उजेड, खिडकी उघडी.

दादाला जाऊन पाच महिने झाले होते. माझा मोठा भाऊ. आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी या खोलीत सैनिकांचे बोटाएवढे पुतळे रंगवायचा. पण त्याचा खरा जीव ब्रशांत. दुकानात ब्रश पाण्यात बुडवून झटकायचा. टोक सुईसारखं जुळलं तरच घ्यायचा. दोन फाटे फुटले की परत. काम झालं की साबणाने धुवायचा, ओठांत धरून टोक काढायचा, टोपण घालून आडवा ठेवायचा.

एकदा मी त्याचा ब्रश पाण्यात तसाच उभा ठेवला. केस वाकले. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

तो गेला तेव्हा मी रडलो नाही. का, माहीत नाही. आत सगळं बधिर होतं. वहिनीचंही तेच. कामावर जायची, यायची, जेवायची.

त्या दुपारी ती म्हणाली, "भाऊजी, शेवटचा सैनिक अर्धाच राहिलाय. तेवढा पुरा करा. मग खोली आवरू."

मी बसलो. कोट जमला. डोळे काही जमेनात. शेवटी कंटाळून ब्रश पाण्याच्या पेल्यात टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो. वहिनीने चहा पुढे ठेवला.

अर्धा कप झाला असेल...

टिक. टिक. टिक.

ब्रश पेल्याच्या काठावर आपटून पाणी झटकतात ना... तसा आवाज.

मी वहिनीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती.

घरात तिसरं कुणीच नव्हतं.

आम्ही दोघं गेलो. खोली रिकामी. पेल्यात पाणी होतं, पण ब्रश...

ब्रश टेबलावर होता. आडवा. टोपण घातलेला.

"तुम्हीच ठेवलात ना?"

"नाही, वहिनी."

"असली थट्टा नको, भाऊजी." तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मी टोपण काढलं. रंगाचा मागमूस नव्हता. टोक सुईसारखं. बोट लावलं...

ओलं होतं. आणि कोमट.

सैनिकाचे डोळे मात्र तसेच कोरे.

मला पळून जावंसं वाटलं नाही. रडूही आलं नाही. नुसता उभा राहिलो.

वहिनीने पेला उचलला. गढूळ पाणी मोरीत ओतलं. स्वच्छ पाणी भरून आणलं, टेबलावर ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

"गढूळ पाणी ह्यांना चालायचं नाही," एवढंच म्हणाली. मग गार झालेला चहा संपवला.

खोली आवरायचा विषय पुन्हा निघाला नाही. त्यानंतर मी त्या घरी गेलेलो नाही. जायला हवं, कळतं मला.

परवा वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलत होती. मध्येच गप्प झाली.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही..." ती म्हणाली. "थांबा हं. पाणी बदलून येते."