कोमट दूध

युसूफ वडगाव या गावच्या सहकारी डेअरीत दूध तपासणाऱ्या चंद्रभागेला दूध घालणाऱ्यांच्या रांगेतल्या नव्या तरुणाच्या काखेत संख्याशास्त्राचं पुस्तक दिसलं. तिचाही विषय तोच.

"दुष्काळात हे काहून वाचता?"

"पाऊस पडायची संभाव्यता काढतोय," तो म्हणाला, आणि तिला हसू आवरेना.

त्याचं नाव बद्रीनाथ. मग रोज दोघांची जुंपायची. त्याचं म्हणणं, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करून पाहावी, किती वेळा घडते ते मोजावं, तीच संभाव्यता. एकदाच घडल्यावरून तोंड उघडू नये. चंद्रभागा बेझ या गणितज्ञाच्या बाजूची. मनात आधी अंदाज असतोच, नवा पुरावा आला की तो थोडा सरकवायचा.

"मग माझ्याबद्दल काय अंदाज हाय?"

"सरकतोय..." ती दुधातलं पाणी पकडणाऱ्या लॅक्टोमीटरकडे बघत म्हणायची. कुठल्या बाजूला, ते सांगायची नाही.

एका सकाळी पाण्याचा टँकर लवकर आला आणि सगळ्यांची धांदल उडाली. बद्रीनाथच्या दुधात लॅक्टोमीटर खोल बुडालं.

"पाणी घातलंय," ती भर रांगेत बोलून गेली. दूध ओतून दिलं गेलं, कुणीतरी फिदीफिदी हसलं. तो रिकामी किटली उचलून निघून गेला.

संध्याकाळी तिची आई भिवराबाई घरचं नुकतंच काढलेलं दूध घेऊन आली. तेही लॅक्टोमीटरनं पातळ दाखवलं, आणि थंड झाल्यावर चांगलं. चंद्रभागेचे कान तापले. धारोष्ण दूध तपासायचं नसतं, हे तीच इतरांना शिकवायची; सकाळच्या घाईत मात्र स्वतःच विसरली होती. आणि ज्याच्या दुधात कधी खोट निघाली नाही, त्याच्याबद्दल एवढे दिवस जमवलेला अंदाज तिनं एका फटक्यात मोडला होता. स्वतःच्या मताला तरी कुठं जागली होती ती?

बद्रीनाथ डेअरीत फिरकेना. शेवटी ती त्याची म्हैस बांधलेल्या चारा छावणीवर गेली. रांगेतलीच माणसं तिथं बसली होती. पाय मागे ओढत होते, तरी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "यांचं दूध चांगलं होतं. मी कोमट तपासलं. चूक माझी हाय."

बद्रीनाथनं हातातली पेंढी म्हशीपुढं टाकली.

"एकदाच घडल्यावरून मी कुणाबद्दल ठरवत न्हाई," तो हळूच म्हणाला. "उद्यापासून रोज येतो. लई वेळा बघितल्याबिगर मला खात्री वाटत न्हाई."

"माझी खात्री तर पहिल्याच दिवशी झालती... म्हणून तर लई लाज वाटती."

दुसऱ्या दिवशी ती दूध थंड व्हायची वाट बघत राहिली. दूध थंड झालं, तपासून झालं, रांगही संपली. बद्रीनाथ मात्र तिथंच उभा होता.